वहिनीच्या हातातलं चॉकलेटचं भांडं

आमच्या आबांनी चांदीचं काम मला शिकवलं नाही, वहिनीला शिकवलं. हे मी कुणापुढे कधी मोठ्याने बोलले नाही, पण मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणतीच नाही.

आबा मूळचे कोल्हापूरकडचे, तिथल्या चांदीकाम करणाऱ्या गावचे. लग्नानंतर काळेवाडीत आले. एका गल्लीत खाली कामाची खोली आणि वर राहायची जागा असं छोटं घर बांधलं आणि पिंपरीतल्या सराफांसाठी तांबे, ताम्हणं, निरांजनं घडवायला लागले. आजूबाजूची सगळी माणसं सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसकडे पळायची. आमच्याकडे तेव्हा ठोकणं सुरू झालेलं असायचं. शाळेतून आले की मी दप्तर टाकून आबांच्या समोर बसायचे. सपाट पत्रा ऐरणीवर फिरता फिरता खोल होत जायचा, त्याला पोट यायचं, मग गळा यायचा. मला ते करायचं होतं.

"आबा, एकदा द्या की हातोडी."

"तू लगीन करून जाणार," ते हसत म्हणायचे. "तुला शिकवलेलं तुझ्यासंगं जायचं. मग हितं कोण बसणार?"

आणि माझ्यापुढे रिठ्याच्या पाण्याचं घमेलं सरकवायचे. तयार झालेलं भांडं धुणं, मऊ ब्रशनं घासणं, त्याला ओप देणं, हे माझं काम. लग्न होईपर्यंत मी ते केलं आणि चांगलं केलं.

हातोडी माझ्या थोरल्या भावासाठी राखलेली होती. त्याला तिच्यात काडीचा रस नव्हता. आयटीआय करून तो चाकणला कंपनीत लागला, शिफ्ट करायला लागला, खूश होता. माझं लग्न रहाटणीत झालं, म्हणजे माहेर चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे भावाचं लग्न झालं. वहिनी परभणीकडची. चांदी तिनं फक्त अंगावर घातलेली, तीही जोडवी आणि पैंजण.

एक दिवस मी माहेरी गेले तर आबांच्या समोर, माझ्या जागेवर, वहिनी बसलेली. हातात हातोडी.

"शिकते म्हणाली," आबा मला म्हणाले. "घरातच राहणार हाय. म्हटलं, शिक."

वर जाऊन चहा केला, दोघांना दिला आणि माझा कप तसाच ठेवून घरी आले. नवऱ्याने विचारलं, काय झालं. म्हटलं, डोकं दुखतंय.

वहिनीचा हात चांगला निघाला. तेच माझं दुखणं होतं. ती अडाण्यासारखं काहीतरी ठोकत बसली असती तर मी तिच्यावर माया केली असती. पण दोन-तीन वर्षांतच सराफ तिचं काम मागून घ्यायला लागले. दिवाळीत पाहुणे तिनं घडवलेलं निरांजन हातात घेऊन वाहवा करायचे आणि मी मध्येच म्हणायचे, "शेवटचा हात आबांचाच असतो ना?" तो नसायचा, हे मला माहीत होतं. कुणी बघत नसलं की मी ते निरांजन उलटं करून चूक शोधायचे. एखादी सापडायची. त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

हे असं बरीच वर्षं चाललं. आबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मग वहिनी ऐरणीपाशी आणि आबा शेजारी खुर्चीवर, अशी बसण्याची रीत पडली.

मी निघोज्याजवळच्या एका कारखान्यात अ‍ॅडमिनला आहे. बाहेरच्या देशातून इंजिनियर येतात, त्यांच्या कुटुंबांना घर, गॅस, ड्रायव्हर, डॉक्टर बघून देणं हे माझं काम. गेल्या वर्षी फ्रान्सहून एक साहेब आले. त्यांची बायको, आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो, मोठ्या मनमोकळ्या. एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर खोका होता. त्यातून त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक भांडं काढलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सामान उतरवताना खोका पडला होता.

मी आयुष्यभर चांदी घासलेली बाई, पण असलं भांडं पाहिलं नव्हतं. वीतभरापेक्षा उंच, खाली गोल आणि वर निमुळतं, तीन बारीक पायांवर उभं. एका बाजूला तोटी. दांडा तोटीच्या समोर नाही, बाजूला, आडवा बाहेर आलेला, काळ्या लाकडाचा. काठाला मण्यांची बारीक ओळ. पोटावर पानांची माळ, दोन ठिकाणी गाठ मारून लोंबत सोडलेली. बाकी सगळं साधं, रिकामं. त्या रिकाम्या जागेमुळेच माळ उठून दिसत होती. झाकणावर एक छोटी मिटलेली कळी होती, ती बाजूला फिरवली की खाली भोक.

"हे कॉफीचं?" मी विचारलं.

"चॉकलेटचं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. त्यांच्याकडे दोनशे वर्षांपूर्वी श्रीमंत घरांत सकाळी गरम चॉकलेट प्यायचे. ते तळाशी बसतं, म्हणून झाकणातल्या भोकातून दांडी घालून घुसळायचं आणि फेस आला की ओतायचं. त्या काळात तिकडे जमिनीतून जुनी रोमन भांडी, खांब, देवळं वर निघत होती आणि लोकांना घरातल्या वस्तू तशाच घाटाच्या, तशाच शांत हव्या होत्या. हे भांडं त्यांच्या आजीच्या आजीकडून आलेलं. आता त्याच्या खांद्याला मोठा पोचा पडला होता, एक पाय टोकाला वाकला होता आणि कळीची बिजागरी तुटली होती.

"तुझे वडील चांदीचं काम करतात ना?"

"हो," मी म्हटलं. "मी करून आणते."

'करून आणते' म्हणताना मला फार बरं वाटलं. घरात चांदीचं असं काम माझ्या हातून पहिल्यांदाच येत होतं.

आबांनी भांडं मांडीवर घेतलं आणि सगळीकडून फिरवून बघितलं. मग आतून बॅटरी मारायला लावली. आतल्या बाजूला हातोडीच्या बारीक खुणा होत्या, वर्तुळात वर वर चढत गेलेल्या. बुडाला मधोमध कंपासच्या टोकाचा ठिपका होता.

"एकाच पत्र्याचं हाय," आबा म्हणाले. "बुडापासनं तोंडापर्यंत जोड न्हाई. त्या ठिपक्यापासनं सुरू केलं आणि प्रत्येक फेरीला तापवून मऊ करत वर आणलं. गळ्यापाशी बघ, पत्रा आवळताना जाड होतो, तिथं बी सारखा ठेवलाय." त्यांनी तोटीवरून बोट फिरवलं. "ही तोटी मला जमली नसती. माझ्या भरातल्या दिवसांत बी."

त्यांचा चेहरा पडला होता. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा त्यांना हेवा वाटत होता, हे मला स्पष्ट दिसलं, कारण तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

"कधी देता करून?" मी विचारलं.

"मी?" त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "ही करंल."

वहिनी दारात उभी होती. पदराला हात पुसत होती, पण नजर भांड्यावरून हलत नव्हती.

"आबा, मी माझ्या जबाबदारीवर आणलंय," मी म्हटलं. "काही झालं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही करणार असाल तर ठेवते."

"मग घेऊन जा," आबा शांतपणे म्हणाले. "पिंपरीत न्हे, पुण्यात न्हे. लोक मशिनवर पॉलिश मारून ही पानं पुसून टाकतील. मग मॅडमला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

मी भांडं ठेवलं.

शनिवारी सुट्टी होती. राखण करावी तशी मी सकाळीच जाऊन बसले. वहिनीने आधी दांड्याची खीळ काढून लाकूड वेगळं केलं, झाकण वेगळं केलं आणि मला म्हणाली, "वन्सं, धुऊन देता का? तुमच्यासारखं मला येत नाही."

मला वाटलं, टोमणा आहे. पुन्हा तेच रिठ्याचं पाणी माझ्यापुढे. तरी मी धुतलं. झाकण घासताना बिजागरीपाशी एक करडा डाग दिसला. चांदी काळी पडते ती वेगळी, हा रंग वेगळा होता, मळकट आणि मऊ. नख लावलं तर नख रुतलं. पूर्वी कुणीतरी तिथे शिशाचा डाख लावून जोडण्याचं काम भागवलं होतं. शिसं असलेली चांदी लाल होईपर्यंत तापवली की शिसं ती खात जातं, भोकं पडतात. हे मी लहानपणी एका समईच्या बाबतीत पाहिलं होतं.

वहिनीने फुंकणी हातात घेतली होती. क्षणभर मला वाटलं, गप्प बसावं. पण त्यापेक्षा आबांच्या देखत बोलायची घाई जास्त होती.

"वहिनी, थांब!" मी केवढ्याने ओरडले. "आच द्यायची नाही. शिसं आहे इथं."

आबांनी मान वर केली. मी झाकण त्यांच्यापुढे धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत काही सांगत होते आणि ते ऐकत होते.

"हो वन्सं," वहिनी म्हणाली. "मला कालच दिसलं ते. म्हणून तर झाकण वेगळं काढलंय. आधी शिसं खरवडून काढणारंय मी सगळं. ही आच नुसती पायाच्या वाकलेल्या टोकाला द्यायलेय."

तिच्या बोलण्यात तोरा असता तरी चाललं असतं. तो अजिबात नव्हता.

"दोघींना दिसलं, लई झालं," आबा म्हणाले आणि परत भांड्याकडे बघायला लागले.

मी घमेल्यापाशी जाऊन बसले. कान तापले होते.

दुपारी तिने पोचा काढायला घेतला. मला वाटत होतं, आत हातोडी जाणार कशी? गळा एवढासा. तिनं टोकाला वाकवलेली एक लांब सळई घेतली. सळईचं एक टोक टेबलाला बसवलेल्या पकडीत घट्ट आवळलं, दुसरं वाकडं टोक भांड्याच्या आत, पोच्याच्या बरोबर खाली आणलं. मग भांडं दोन्ही हातांत धरून आबांना म्हणाली, "मारा." आबांनी डाव्या हाताने, पकडीजवळ, सळईवर हलकेच हातोडी मारली. सळई थरारली आणि तिच्या आतल्या टोकाने पोच्याला आतून टोला दिला. बाहेरून काहीच दिसलं नाही. पुन्हा टोला. वहिनी प्रत्येक टोल्याला भांडं केसभर सरकवत होती, डोळे मिटून. डोळे मिटून! तिला बोटांनी कळत होतं, टोक कुठे लागलं ते.

पोचा हळूहळू वर आला. पानांच्या माळेतलं एक पान दबलं होतं, ते शेवटी तिने भांड्यात राळ भरून बाहेरून बारीक छिन्नीने उठवलं. मला उठून जायचं होतं आणि उठवत नव्हतं. आबा आणि ती, दोघं बोलतसुद्धा नव्हते. तिने मान हलवली की आबा मारायचे, तिने श्वास सोडला की थांबायचे. माझं आणि आबांचं असं कधीच काही झालं नव्हतं. मला त्या हाताचा हेवा वाटला, पण त्याहून जास्त त्या न बोलण्याचा वाटला.

वहिनी भाजी टाकायला वर गेली तेव्हा मी विचारलंच.

"आबा, मला का नाही शिकवलंत?"

"तू जाणार हुतीस."

"गेले कुठं? रहाटणीला. इथून रिक्षासुद्धा करावी लागत नाही."

ते हसले नाहीत. समोरची छिन्नी उचलून परत जागेवर ठेवली.

"तवा कुठं म्हाईत हुतं, कुठं देणार तुला ते," ते म्हणाले. "आमच्याकडं पोरींना कोण देत न्हवतं हातोडी. म्या बी न्हाई दिली. आता काय सांगू?"

माझी अपेक्षा काय होती, मलाच माहीत नाही. पण एवढंच उत्तर मिळालं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून भांडताही आलं नाही.

भांडं न्यायला मॅडम स्वतः काळेवाडीत आल्या. गल्लीत गाडी शिरेना, मग नाक्यावरून चालत. येताना चॉकलेट आणि दूध घेऊन आल्या होत्या. भांडं बघितलं, झाकणावरची कळी फिरवून पाहिली, खांद्यावर हात फिरवला, पोचा कुठे होता तेच त्यांना सापडेना. मग म्हणाल्या, यात करून इथंच पिऊ या. पण घुसळायची दांडी त्यांच्या घरातून कधीच हरवलेली. वहिनी वर गेली आणि ताकाची लहान रवी घेऊन आली. तिचा गड्डा भोकातून जाईना, म्हणून झाकण रवीच्या दांड्यात वरून ओवलं, रवी आत सोडली आणि मग झाकण बसवलं. दोन्ही तळव्यांत दांडा धरून वहिनीने घुसळलं. तोटीतून फेसाळ चॉकलेट स्टीलच्या पेल्यांत पडलं तेव्हा मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या.

मग त्या वहिनीचे दोन्ही हात हातात घेऊन बोलायला लागल्या. हे भांडं ज्याने केलं तो आज असता तर त्याने तुला आपल्या कारखान्यात शेजारी बसवलं असतं, असं म्हणाल्या. तुझ्या हातांसारखे हात मी पाहिले नाहीत, असं म्हणाल्या. वहिनीला इंग्रजी येत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"त्यांना आवडलं," मी सांगितलं.

"एवढा वेळ तेवढंच म्हणायलेत का?" वहिनी म्हणाली.

"साधारण तेच."

मॅडमना फोटो हवा होता. वहिनी, आबा आणि मध्ये भांडं. काढायला फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पिंपरीच्या मार्केटमधून तांब्याचा पत्रा आणि एक गोल तोंडाची हातोडी आणली. नवऱ्याला सांगितलं, मला भांडं करायचंय. तो म्हणाला, कर, पण माझी सेकंड शिफ्ट असेल तेव्हा सकाळी नको. गॅलरीत लाकडाचा ओंडका ठेवला, त्याला खळगा पाडला. शिकवायला कोणी नव्हतं, पण बघितलेलं सगळं डोळ्यांत होतं. तेवढ्याने भागत नाही, हे पहिल्याच वाटीला कळलं. मी पत्रा पुरेसा तापवला नाही आणि तो काठाला चिरला. दुसरी वाटी एका बाजूला कलली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काही फर्निचरचं काम काढलंय का. मनगट सुजलं. ऑफिसात माऊस धरवेना. पण तिसऱ्या वाटीला मधला ठिपका धरून मी फेऱ्या बरोबर नेल्या आणि ती टेबलावर ठेवली तेव्हा ती हलली नाही.

ती घेऊन मी काळेवाडीला गेले. वहिनी ऐरणीपाशीच होती. मी वाटी आबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उलटी केली, सुलटी केली, काठावरून बोट फिरवलं, मग आत बॅटरी मारायला लावली, त्या चॉकलेटच्या भांड्याला लावली होती तशीच.

"कुणी केली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत वाटीकडे.

"पत्रा सगळीकडं सारखा हाय," ते म्हणाले. "पहिल्या-पहिल्यांदा मला हे जमलं न्हवतं. ह्यो हात माझ्या बापाचा हाय."

आबांनी वाटी वहिनीकडे दिली. तिने ती घेतली, नीट बघितली. आणि मग तिने ती उलटी केली. बुडाकडे डोळे बारीक करून, चहूबाजूंनी, काहीतरी शोधत असल्यासारखी बघत राहिली. ती काय शोधत होती ते जगात माझ्याइतकं कुणाला कळलं असतं?

"चांगली झालीय," ती म्हणाली आणि चहा टाकते म्हणून वर गेली.

बराच वेळ चहा आला नाही. मी वर गेले. दूध ओट्यावर तसंच होतं, गॅस पेटवलेला नव्हता.

"इतकी वर्षं बसायलेय मी त्यांच्यापुढं," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला असं कधी म्हणाले नाहीत."

"तुला दुसरं काय काय म्हणतात की."

"म्हणतात. पण हात बापाचा आहे, असं कसं म्हणणार? माझा बाप तर ऊसतोडीला जायचा." तिने गॅस पेटवला. "तुम्हाला काय, वन्सं. तुम्हाला ते नुसतं मिळालंय."

यावर तिला जवळ घ्यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण मला आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. मला आनंद झाला, पोटातून, लख्ख. तो ओसरेपर्यंत मी कप विसळत उभी राहिले. मग म्हटलं, "साखर मी घालते, तू नेहमी जास्त घालतेस."

"घाला," ती म्हणाली. "आणि त्या वाटीच्या काठाला एक जागा दबलीय. डाव्या अंगाला. आबांना दिसली नाही."

"कुठं?"

"खाली चला, दाखवते."

आम्ही चहा घेऊन खाली आलो. तिने वाटी ऐरणीवर धरली, दबलेली जागा माझ्या बोटाला लावून दाखवली. खरंच दबली होती. तरी मी म्हटलं, मला नाही दिसत. ती म्हणाली, डोळे मिटून बघा.